चंदाच्या ताटातले तीन वाटे

ओतूरच्या पेठेत माणिकचंदचं दुकान शोधायला पत्ता विचारावा लागायचा नाही. कच्च्या लोकरीचा वास जिथून येई तिथं वळायचं आणि आत गादीकडं पाहायचं. माणिकचंद तिथं असायचाच. सकाळी बसला की जेवायला उठायचा आणि जेवून पुन्हा बसायचा. धनगर लोकर आणि घोंगड्या आणून टाकत, हा बसल्या जागेवरून भाव बोले, बसल्या जागेवरून हसे, आणि तहान लागली तर बसल्या जागेवरूनच मागच्या घरात हाक मारी. "आमच्या शेटची सावलीबी बसूनच असती," असं बहिरू धनगर म्हणायचा, तेही शेटच्या तोंडावर. दोघं लहानपणी मांडवी नदीत एकत्र डुंबलेले. आणि माणिकचंदला स्वतःवरच्या थट्टेचं भारी कौतुक.

हे सगळं एकोणीसशे सालापर्यंत चाललं. त्या साली माणिकचंदला छत्तिसावं लागलं आणि घरामागच्या मुंग्या त्याच्या डोळ्यांत भरल्या.

मुंग्यांचं नीट सांगायला हवं. जैनाच्या घरी मुंगीला मारत नाहीत, उलट रोज सकाळी चिमूट-चिमूट पीठ-साखर घालतात. माणिकचंदची बायको उगमबाई हा नेम कधी चुकवत नसे. त्यामुळं त्या घराभोवती मुंग्यांच्या रांगा दिसल्या तर कुणाला नवल वाटत नव्हतं. पण परसात माणिकचंद जिथं लघवीला बसायचा तिथली जमीन काळी दिसायला लागली. त्यानं बायकोला सांगितलं, पीठ-साखर आजपासून पुढच्या पिंपळाखाली घालत जा. काही मुंग्या पिंपळाखाली गेल्या. परसातल्या परसातच राहिल्या. तेव्हा माणिकचंद मटकन खाली बसला.

कारण हे त्यानं बापाच्या वेळी पाहिलं होतं. आधी अशाच मुंग्या, मग घागरीच्या घागरी रिकाम्या करणारी तहान, मग अंगावरचं मांस उतरायला लागलं. पुढं वहाणेचा खिळा अंगठ्याला लागला एवढं निमित्त झालं आणि पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला. शेवटच्या महिन्यात घरात धूप जाळूनसुद्धा वास जात नव्हता. बाप चव्वेचाळीसाव्या वर्षी गेला. आजोबा एक्केचाळीसाव्या वर्षी गेलेला, तोही असाच पायानं. पेठेतले लोक हळू आवाजात म्हणत, त्या घरातल्या पुरुषाला पन्नाशीचं पान दिसत नाही.

माणिकचंद बहिऱ्याबरोबर छकड्यातून जुन्नरला गेला. तिथं एक वैद्य होते, साठीचे, फटकळ, पण हाताला गुण असलेले. त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, सगळी हकिकत ऐकून घेतली आणि विचारलं, "आजोबांचं कळलं. पणजोबा कशानं गेले?"

"म्हातारपणानं. ऐंशीच्या पुढं."

"काय करायचे?"

"पेशवाई बुडाल्यावर मारवाडातून आले. पाठीवर कापडाची गठडी घेऊन गावोगाव फिरायचे. ओतूर, बोरी, येडगाव, पार आणे गावच्या पठारापर्यंत. मग दुकान झालं."

"दुकान झालं आणि त्यांचा मुलगा गादीवर बसला. मग नातू बसला. मग तुम्ही." वैद्यांनी बोटांवर तीन पिढ्या मोजल्या. "हा रोग बीजातला आहे, शेट. तुमच्या पणजोबांच्या अंगातही असणार. पण गठडीवाल्याला त्यानं गाठलं नाही. तुमच्यातले साधू पाहा, जन्मभर पायी हिंडतात आणि मोजकं खातात. आमच्या जुन्या पोथ्यांतही हेच औषध सांगितलंय, रोज कोसच्या कोस चालावं, जवाची भाकरी खावी, गुराख्यासारखं राहावं. बीज बदलणं माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. गादीवरून उठणं तुमच्या हातात आहे."

"उठलो तर वाचेन?"

"वाचाल असं मी म्हणत नाही. न उठलात तर काय होईल ते तुम्ही पाहिलंय." निघता निघता त्यांनी आणखी एक सांगितलं, "आणि तुमच्या पोटच्या सगळ्यांना हीच सवय लावा. आत्तापासून."

माणिकचंदनं मान डोलावली. पोटचे सगळे म्हणजे त्याच्या मनात एकच जण आला, अकरा वर्षांचा कांतीलाल. कुणी विचारलं, शेट लेकरं किती, तर तो "एक" म्हणायचा. आणि मग, विचारणारा ओळखीचा असला तर, "आणि एक मुलगी."

ती मुलगी चंदा. सात वर्षांची, गोरी, गुबगुबीत, आणि बापाच्या गळ्यातला ताईत. तिच्यावर त्याचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं. प्रेम होतं, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

परतीच्या वाटेवर त्यानं मनाशी हिशेब जुळवून टाकला. रोग घराण्याचा. घराणं मुलाकडून चालतं. मुलगी परक्या घरची ठेव. लग्नात तिचं गोत्र बदलतं, माहेरचं सुतकसुद्धा तिला तीनच दिवसांचं उरतं. गोत्रच बदललं तर घराण्याचा रोग तिच्याबरोबर जाईल कशाला? असा विचार त्यानं केला, आणि त्याच्या जागी पेठेतला दुसरा कुणीही असता तरी त्यानं हाच केला असता. चला, निदान एक लेकरू तरी सुटलं, म्हणून त्यानं छकड्यात बसल्या बसल्या हात जोडले.

मग माणिकचंद गादीवरून उठला. पेठेत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. लोकर दुकानात यायची, ती आणायला आता शेट स्वतः बहिऱ्याच्या मागं शेताशेतातून फिरू लागला. मेंढ्या आज येडगावला बसल्या असतील तर येडगाव, उद्या बोरीला तर बोरी. पहिल्या दिवशी पाऊण कोसावर त्याला धाप लागली आणि तो एका बांधावर आडवा झाला.

"शेट, तुमाला उचलून न्यायचं म्हंजी चार मानसं लागत्याल," बहिऱ्या म्हणाला. "म्या येकटाच हाय. तवा उठा राव, मरायचं तर घरी जाऊन मरा."

शेट उठला. महिन्याभरात कोस, वर्षात दिवसाला तीन-चार कोस. कांतीलालला तो शाळेतून आल्यावर बरोबर घ्यायचा. पोरगं रडायचं, पाय दुखतात म्हणायचं, पण बाप ऐकत नव्हता. ताटात जवाची भाकरी, कारलं, मेथी आणि मठ्ठा, बापाच्याही आणि लेकाच्याही. गोड बंद म्हणजे बंद.

पण घरात गोड बंद कसं होणार? सण आले, पाहुणे आले, पर्युषणाचं पारणं आलं. न करणं अशुभ. आणि केलेलं टाकणं तर त्याहून मोठं पाप, उष्टं-शिल्लक ठेवायची नाही हा त्यांच्या घरचा कडक नियम. उगमबाई चुरम्याचे लाडू करी आणि रीतीप्रमाणं प्रत्येक ताटात एक-एक वाढी. माणिकचंद आपला लाडू उचलायचा आणि शेजारी बसलेल्या चंदाच्या ताटात ठेवायचा. कांतीलालचाही उचलून तिथंच ठेवायचा. एक बापाचा वाटा, एक भावाचा वाटा आणि एक तिचा स्वतःचा. चंदा गालभर हसायची. ती हसली की माणिकचंदला लाडू आपणच खाल्ल्यासारखं वाटायचं. शिरा, लापशी, घेवर, सगळ्याचे तीन वाटे वर्षानुवर्षं एकाच ताटात जात राहिले.

चालायला यायचा तिचाही हट्ट असायचा. "बापूजी, मी पण येते." तो म्हणायचा, "मुलीच्या जातीनं उन्हातान्हात? काळवंडशील. मग कोण करील तुला?" एकदा ती न सांगता मागोमाग निघाली आणि पार मांडवीच्या पाण्यापर्यंत आली. नऊ वर्षांची असेल. तोंड लालबुंद, परकराचा काठ धुळीनं माखलेला, पण डोळे नुसते चमकत होते. "बघा, मी दमले नाही," ती म्हणाली. माणिकचंदनं बहिऱ्याला सांगितलं, हिला उचल आणि घरी सोडून ये. बहिऱ्यानं तिला खांद्यावर घेतलं. ती त्याच्या पागोट्याला धरून मागं वळून वळून बापाकडं पाहत गेली, आणि बाप हसत हात हलवत राहिला. पुढं आयुष्यभर त्याला तो हलणारा हात आठवायचा आणि तोच हात तो दुसऱ्या हातानं दाबून धरायचा.

बाराव्या वर्षी चंदाचं लग्न झालं. आंबेगावकडं, घोडेगावच्या मोहनलालशी. चांगलं दुकान, खाऊनपिऊन सुखी, सासू सूरजबाई मायाळू. सुनेनं पाणी भरायचं नाही, बाजारात जायचं नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा त्या घराचा मोठेपणा. चंदा आणखी भरली. माहेरी आली की बायका म्हणत, सासर मानवलंय हो पोरीला.

इकडं माणिकचंदनं चव्वेचाळीसावं ओलांडलं. त्या दिवशी त्यानं देरासरात जाऊन पूजा केली आणि बाहेर येऊन बहिऱ्याला मिठी मारली. भर पेठेत, लोकरीनं माखलेल्या धनगराला. परसातल्या मुंग्या कधी येत, कधी महिनोन्महिने येत नसत. रोग मेला नव्हता, पण वेसणीत होता. कांतीलाल विशीत सडसडीत आणि ठणठणीत. माणिकचंदला वाटलं, जिंकलो.

चंदाला सोळाव्या वर्षी मुलगी झाली, केसर. त्यानंतर दोन वर्षांनी मुलगा झाला, तो मेलेलाच. सुईण म्हणाली, एवढं मोठं बाळ मी हयातीत पाहिलं नाही, चार महिन्यांच्या पोराएवढं. पुन्हा दोन वर्षांनी दुसरा, तसाच मोठा, तसाच मेलेला. लोकांनी दृष्ट म्हटलं. सूरजबाईनं पूर्वकर्म म्हटलं. चंदानं तेच खरं मानलं. कर्म जाळायचं तर तपानं जाळतात, म्हणून एकविसाव्या वर्षी तिनं वर्षीतप घेतलं.

वर्षीतप म्हणजे वर्षभर एक दिवस कडक उपास, नुसतं उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस असेतो. आणि दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही. जेवणाच्या दिवशी सूरजबाई मायेनं शिरा करी, बासुंदी करी. उद्या पोरीला उपाशी राहायचंय, ताकद नको? चंदाच्या अंगावरची चरबी झडली, गालाची हाडं दिसू लागली, डोळे मोठे झाले. बघायला येणाऱ्या बायका तिच्या पाया पडत आणि म्हणत, तपाचं तेज कसं आलंय तोंडावर.

सहाव्या महिन्यात माणिकचंद घोडेगावला गेला. बारा कोस, आणि तेही पायी, म्हणून जावयाच्या दुकानात त्याची थट्टा झाली. तो ओसरीवरच बसला. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही ही त्यांची रीत, त्यामुळं आत जायचं कारणच पडत नसे. दिवस कलला होता. चंदा त्याच्यासमोर बसून तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. मध्येच उन्हाची तिरीप कुठवर आली ते पाही आणि पुन्हा तांब्या तोंडाला लावी.

"एवढी तहान लागते, बेटा?"

"लागते ना. मावळायच्या आत घागर संपवते." ती हसली. "तरी मध्यरात्रीनंतर जीभ टाळूला चिकटते. सासूबाई म्हणतात, ही परीक्षा आहे. मी नवकार म्हणत पडते. बापूजी, मी एकदाही मोडलं नाही हं."

इथं कुणालाही माणिकचंदचा संताप यावा. ही तहान त्याच्या बापाला लागली होती. त्याला स्वतःला लागली होती. आंधळ्याला कळलं असतं. पण त्याच्या डोक्यात पंधरा वर्षांपूर्वी एक दार लागलं होतं, चंदा सुटली, आणि ते दार उघडून पाहायचं त्याला सुचलंच नाही. उपासात माणूस पाणीच पिणार, असं म्हणून त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. लेकीचा त्याला इतका अभिमान वाटला की परतीचे बारा कोस कसे संपले ते कळलं नाही.

वर्षीतपाचं पारणं अक्षय तृतीयेला, आणि ते उसाच्या रसानं. पहिल्या तीर्थंकरांचा वर्षावरचा उपास उसाच्या रसानं सुटला, तेव्हापासूनची ही रीत. रस पाजायचा पहिला मान माहेरचा. माणिकचंदनं बोरी बुद्रुकच्या एका शेतकऱ्याला सांगून उसाचा एक वाफा खास उभा ठेवला होता. ऊस घेऊन बहिऱ्या स्वतः छकडा हाकत घोडेगावला आला. "माज्या खांद्यावर बसून गेल्याली पोर," तो वाटेत भेटेल त्याला सांगत होता. "वरीसभर उपाशी ऱ्हायली. देवीच हाय म्हना की."

वाजतगाजत मिरवणूक झाली. चंदाला चौरंगावर बसवलं. तिला नीट बसवत नव्हतं, दोन बाजूंनी दोघींनी धरलं होतं. चांदीच्या लहान वाट्यांतून प्रत्येकानं घोट-घोट रस पाजायचा. माणिकचंदनं पहिली वाटी तिच्या ओठाला लावली. तिनं एका दमात संपवली आणि त्याचा हात धरून ठेवला.

"अजून द्या, बापूजी."

लोक कौतुकानं हसले. त्यानं दुसरी दिली, तिसरी दिली. मग उगमबाईनं पाजला, कांतीलालनं पाजला, सासरचे झाले. सगळ्यांचे हात लागल्यावरही ती बापाकडंच पाहत होती. माणिकचंदला लाडवांचं ताट आठवलं. त्यानं वाटी बाजूला ठेवली आणि तांब्याच उचलला. "पी बेटा, पोटभर पी." रस हनुवटीवरून ओघळला, त्याच्या हातांवर सांडला, आणि तो डोळे भरून पाहत राहिला.

हात चिकट झाले म्हणून तो धुवायला उठला. पुढं गर्दी होती. घरातली कामवाली तुकाबाई म्हणाली, "मागल्या दारी या शेट, हातावर पानी घालते." आणि माणिकचंद आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या घराच्या मागच्या अंगणात गेला. तुकाबाईनं पाणी घातलं. पाणी जिथं पडलं तिथून न्हाणीकडं त्याची नजर गेली.

न्हाणीचा कोपरा काळा होता.

"त्या मुंग्या..." त्यानं ओल्या हातानंच बोट केलं.

"काय सांगू शेट, दोन वर्सं झाली. राख टाकून टाकून हात दुखले. जाळाय बी देत न्हाईत, पाप लागतंय म्हंत्यात. मोठ्या बाई रोज पीठ-साखर घालत्यात, त्यानंच आल्या असत्याल म्हंत्यात. पर पीठ घालत्यात पुढल्या दारी. आन् ह्या येत्यात हितं, चंदाताई बसत्यात तितंच."

माणिकचंदच्या हातांवरून पाणी निथळत होतं. त्यानं पंजांकडं पाहिलं. ते अजून चिकटच होते. पुढच्या अंगणात सनई वाजत होती.

तो तसाच निघाला. पागोटं नाही, वहाणा नाहीत. बहिऱ्यानं छकडा जुंपेपर्यंत थांबला नाही, जुन्नरच्या वाटेला लागला, आणि बहिऱ्यानं त्याला दीड कोसावर गाठलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वैद्यांना घेऊन परतले. वैद्य आता पंचाहत्तरीचे, दोघांनी धरून उतरवावं लागलं. तोवर चंदाला उलट्या सुरू झाल्या होत्या, धाप लागल्यासारखा खोल श्वास चालला होता, आणि तिच्या तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येत होता. वैद्यांनी दारातूनच तो वास घेतला आणि त्यांचे पाय थबकले.

बाहेर ओसरीवर येऊन ते म्हणाले, "पंधरा वर्षांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं होतं. पोटच्या सगळ्यांना सवय लावा."

"हो."

"तुम्हाला मुलगी आहे हे मला कधी सांगितलं नाहीत."

"महाराज, मला वाटलं... तिचं गोत्र बदललं. दिलेली मुलगी..."

"गोत्र मांडवात बदलतं, शेट. रक्त बदलत नाही." म्हातारा चिडला होता. "मुलगा तुम्ही चालवून वाचवलात. तीही वाचली असती. कदाचित आणखी चाळीस वर्षं जगली असती. आता माझ्याकडं काही नाही. पाणी मागेल तेवढं द्या."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चंदा शुद्धीवर आली. उशाशी माणिकचंद होता. आपण लेकीच्या घरात, आतल्या खोलीत आहोत हे तो विसरून गेला होता.

"तहान," ती म्हणाली. त्यानं तांब्या पुढं केला. तिनं तोंड फिरवलं. "मावळला ना, बापूजी?"

पारणं झालं होतं, तप संपलं होतं. पण वर्षभराची सवय तिच्या हाडात भिनली होती. खिडकीबाहेर काळोख उतरला होता. घरात दिवा लागला होता.

माणिकचंद आयुष्यात धर्माच्या बाबतीत खोटं बोलला नव्हता. त्यानं हात आडवा धरून दिवा तिच्या नजरेआड केला. "नाही गं बेटा. अजून ऊन आहे. चांगलं भाल्याएवढं ऊन आहे. पी."

तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. दोन घोट घेतले. मग म्हणाली, "मी एकदाही मोडलं नाही." त्यानंतर ती बोलली नाही, आणि दिव्यात दुसऱ्यांदा तेल घालायच्या आत तिचा श्वास थांबला. बावीस वर्षांची होती.

माणिकचंद रडला नाही. तो उठून मागच्या दारी गेला, न्हाणीच्या कोपऱ्यात उकिडवा बसला आणि मुंग्यांकडं पाहत राहिला. कांतीलालनं त्याला उठवायला हात धरला, तेव्हा तो त्या धडधाकट, उंच मुलाकडं वर पाहत म्हणाला, "तुझा वाटासुद्धा मी तिलाच वाढला रे." मग मात्र त्याला आवरेना.

दिवस झाले. मोहनलालचं दुसरं लग्न ठरायला लागलं. माणिकचंदनं जावयापुढं पदर पसरून केसर मागितली. लेकीच्या लेकीला कुणी असं मागत नाही. पण त्याची अवस्था पाहून सूरजबाईनंच पोरीचा हात त्याच्या हातात दिला.

केसर सहा वर्षांची, आईसारखीच गोरी, गुबगुबीत. ओतूरला आल्यावर पहिल्या सणाला उगमबाईनं चुरम्याचे लाडू केले. रडत रडत केले, पण केले. केसरच्या ताटात एक लाडू वाढला. माणिकचंदनं हात पुढं केला आणि तो लाडू उचलून घेतला. पोरगी आधी थट्टा समजून हसली, मग रडायला लागली. "आईनं दिला असता," ती म्हणाली. "आई तिचा पण मला द्यायची." लाडू मुठीत धरून माणिकचंद तसाच बसून राहिला. मूठ इतकी आवळली होती की लाडवाचा भुगा बोटांतून गळत होता.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन निघाला. बहिऱ्याच्या मेंढ्या मांडवीपलीकडच्या शेतात बसल्या होत्या. पेठेतून जाताना बायका माडीवरून पाहत होत्या. मेलेल्या लेकीच्या पोरीला म्हातारा उन्हातून पायी नेतो म्हणून त्याला नावं ठेवत होत्या. एका अनोळखी पाहुण्यानं सहज विचारलं, "शेट, नात वाटतं? लेकरं किती तुम्हाला?"

"दोन," माणिकचंद म्हणाला.

मांडवीच्या पाण्याशी येईतो केसर थकली. तोंड लालबुंद, परकर धुळीनं माखलेला. तिथंच ती फतकल मारून बसली आणि पाय झाडत रडायला लागली. बहिऱ्या पलीकडून आला. त्यानं घोंगडी खाली टाकली, पोरीपुढं गुडघा टेकला आणि खांदा पुढं केला. "ये माजे बाय. बस हितं. तुजी आई बी हितंच बसली व्हती."

केसरनं डोळे पुसले आणि त्याच्या पागोट्याकडं हात नेला.

"नको, बहिऱ्या," माणिकचंद म्हणाला.

"आरं शेट, ल्हान हाय ती. दमलीया."

"उचलू नकोस. पाया पडतो तुझ्या. तिला चालू दे."

बहिऱ्याचा खांदा तसाच वाकलेला राहिला. चंदाला उचलायला ह्याच शेटनं सांगितलं होतं ते त्याला आठवलं, आणि त्याच्या पांढऱ्या मिशीवरून पाणी ओघळायला लागलं. केसरनं एकदा ह्या म्हाताऱ्याकडं, एकदा त्या म्हाताऱ्याकडं पाहिलं. आपल्याला कुणीच उचलणार नाही हे तिला कळलं. ती रागानं उठली, परकर गोळा करून हातात धरला आणि एकटीच पाण्यात शिरून पलीकडं चालू लागली.

ती मागं वळून बघेल, म्हणून माणिकचंदनं हात वर केला. पण तो हात त्याला हलवता आला नाही. तो तिथंच, वाळूत, खाली बसला.